मक्केची दिशा, र्युसेल्सहाइमहून

मी एका भल्या माणसाला चार दिवस फ्रान्सकडे तोंड करून नमाज पढायला लावली. हे लिहिताना अजून कान गरम होतात.

चाचा म्हणजे ऑफिसातल्या माझ्या रत्नागिरीच्या मित्राचे वडील. आम्ही दोघं र्युसेल्सहाइमला मोटारींच्या कंपनीत इंजिनियर. चाचा पहिल्यांदाच जर्मनीत आले आणि त्याच दिवशी मित्राला गाडीच्या चाचणीसाठी स्वीडनला जावं लागलं. तो येईपर्यंत चाचा माझ्याकडे. आल्या आल्या त्यांनी विचारलं, "भाऊ, मक्का कुठल्या बाजूला?"

"पश्चिमेला," मी म्हणालो. क्षणाचाही विचार केला नाही. साताऱ्यात आमच्या घराजवळच्या मशिदीत सगळे पश्चिमेकडेच तोंड करून उभे राहायचे. चाचांचाही जन्म त्याच दिशेला वाकण्यात गेलेला. त्यांनी मान डोलावली. मी होकायंत्र आणलं, पश्चिम काटेकोर मोजली आणि गालिच्यावर चिकटपट्टीचा बाण काढून दिला.

जेवताना चाचा मक्केच्या गोष्टी सांगत, त्याही शेजारच्या वाडीतल्या असाव्यात तशा. "नुसतं उजाड खोरं हो. इब्राहिमांनी हाजराबीबीला आणि तान्ह्या इस्माईलला तिथं सोडलं. पोर तहानेनं रडायला लागलं, तशी ती माउली सफा आणि मरवा या दोन टेकड्यांमधून सात वेळा धावली. आणि पाणी फुटलं कुठं, तर पोराच्या पायाशी! तेच झमझम. पुढं बापलेकांनी तिथंच काबा बांधला." मग आवाज खाली आणून म्हणत, "हजच्या सोडतीत दोनदा नाव हुकलं. यंदा लागू दे, एवढंच मागतोय."

चौथ्या दिवशी दुपारी कंपनीच्या पार्किंगच्या कोपऱ्यात एक तुर्की सहकारी सतरंजी अंथरताना दिसला. तोंड भलतीकडेच. मी मदतीच्या भावनेनं म्हणालो, "मक्का तिकडे, पश्चिमेला."

"पश्चिमेला फ्रान्स आहे," तो म्हणाला. "मक्का आग्नेयेला."

"नक्की?"

"गेनाऊ, अगदी नक्की," म्हणून तो नमाजाला उभा राहिला.

मग डोक्यात उजेड पडला. मक्का होती तिथंच होती. मीच साताऱ्याहून निघून तिच्या पलीकडे येऊन बसलो होतो.

घरी आलो तेव्हा चाचा मी सकाळी करून ठेवलेला रस्सा खात होते.

"चाचा, माझ्या हातून पाप झालंय."

त्यांनी हातातला घास ताटात ठेवला. "यात डुक्कर आहे?"

"नाही, नाही! कोंबडीच आहे."

"मग बसा. निवांत सांगा."

मी सगळं सांगितलं. चाचा ठसका लागेपर्यंत हसले. "फ्रान्स! घरी कळलं तर बायको गावभर करील." मग म्हणाले, "अहो, पैगंबरसाहेब मदिनेत आल्यावरसुद्धा आधी जेरुसलेमकडेच तोंड करून पढायचे. मग काब्याकडे वळायचा हुकूम आला. एके ठिकाणी तर नमाज चालू असतानाच लोक वळले. त्यांची आधीची फुकट गेली का? मी विचारून, मनापासून उभा राहिलो. बास."

मला बास वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी गावाहून फोन आला: हजच्या सोडतीत चाचांचं नाव प्रतीक्षा यादीत. मी डोकं धरून बसलो. "चाचा, माझ्यामुळे झालं."

"तुमच्यामुळे? अल्लाचा कारभार तुमच्या एका शब्दावर अडतो होय? स्वतःला फार मोठं समजता बुवा."

मला चक्क राग आला. आयुष्यभर मी मनोभावे अपराधी वाटून घेत आलोय. त्यात गर्व असतो हे कुणी सांगितलं नव्हतं.

चाचा आग्नेयेकडे वळले. तिथं माझं कपाट होतं. नमाज संपल्यावर दुवेसाठी उचललेले हात त्यांनी तसेच खाली घेतले.

"काय झालं चाचा?"

"यादीत माझ्या वर बरेच जण आहेत. ते गळाले तर माझा नंबर लागणार. आता दुवा मागायची तरी कशी?" मग अगदी हळू म्हणाले, "मघाशी मनात येऊन गेलं, की त्यातल्या दहाबारा जणांना काही अडचण निघाली तर... तोबा, तोबा. फार वाईट वाटतंय हो."

मी चहा टाकला आणि त्यांच्याजवळ जाऊन बसलो. या विषयात मात्र माझा अनुभव दांडगा होता.