तिचं माहेरचं नाव

नोकरीतली बरीचशी प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कुठला चोर कुठल्या ठाण्यात पकडला, हेही मला नीट सांगता येणार नाही. हे एक प्रकरण मात्र बारीकसारीक तपशिलांसकट लक्षात आहे, कारण त्यात माझी चूक झाली होती आणि ती अगदी थोडक्यात निभावली.

पन्नासच्या दशकातली ती शेवटची वर्षं. यशवंतपूरच्या बाजूला एका ठाण्यात मी सब-इन्स्पेक्टर होतो. आमचं घराणं बंगळुरात कित्येक पिढ्यांपासूनचं. घरात मराठी, दाराबाहेर कानडी. त्यामुळे मराठी बोलणारा कुणी फिर्याद घेऊन आला की हवालदार त्याला थेट माझ्या टेबलापुढे आणून बसवायचे.

असाच एक गृहस्थ एका सकाळी आला. पस्तिशीचा, स्वच्छ धोतर, काळी टोपी, बोलणं अतिशय नम्र. कृष्णाकाठच्या एका गावाहून आला होता. त्याची लग्न झालेली धाकटी बहीण दोन वर्षांपूर्वी डोक्यावर परिणाम होऊन घरातून निघून गेली होती. गावातला एकजण इथल्या कारखान्यात नोकरीला होता. त्याला ती यशवंतपूरच्या बाजारात दिसली. हे कळताच भाऊ मिळेल त्या गाडीने बंगळूरला आला होता.

"साहेब, आई अंथरुणाला खिळली आहे," तो म्हणाला. "सुमतीचं तोंड बघितल्याशिवाय तिचा जीव जाणार नाही. तेवढी माझी सुमती शोधून द्या."

सुमती हे तिचं खरं नाव नव्हे. या लेखात मी कुणाचीच खरी नावं देणार नाही. पण हे प्रकरण एका बाईच्या दोन नावांवर उभं आहे, म्हणून तिच्यासाठी दोन नावं ठेवून घेतो.

तो रडला. मी त्याला पाणी दिलं, जबाब लिहून घेतला, स्टेशन डायरीत नोंद केली, तिचा फोटो ठेवून घेतला. बाई हरवल्याची फिर्याद घेऊन येणारे बहुतेक नातेवाईक आधी तिच्या चारित्र्याबद्दल बोलतात. हा फक्त काळजीबद्दल बोलला. मला तो आवडला, हे कबूल करतो.

शोधाचं काम मी आमच्या एका जुन्या हवालदाराकडे दिलं. तीन मुलींचा बाप, मनाने मऊ. रोज सकाळी नऊच्या सुमाराला तो भाऊ ठाण्यात यायचा, बाकावर बसायचा, आणि काही कळलं नाही म्हटलं की हात जोडून निघून जायचा. पाचव्या दिवशी हवालदाराने बातमी आणली. बाजारातल्या दोरे-बटणांच्या दुकानदाराने फोटो ओळखला होता. ती राजाजीनगरात एका मराठी अक्कांकडे राहत होती आणि आसपासच्या बायकांचे ब्लाउज शिवून देत होती.

त्याच दुपारी मी एकटाच तिथे गेलो. नव्या वसाहतीतलं छोटं घर. अक्का साठीच्या, आमच्यासारख्याच जुन्या इथल्या, विधवा. शिवणयंत्रावर बसलेली बाई फोटोतलीच होती, फक्त वाळलेली. डावा हात कोपरात किंचित वाकडा. कधीतरी मोडून तसाच जुळलेला.

"तुमचं नाव सुमती का?"

"नाही." तिने एक वेगळंच नाव सांगितलं. नवरा वारला म्हणाली.

"तुमचे भाऊ आले आहेत गावाहून. रोज ठाण्यात येऊन रडतात."

यंत्राचं चाक तिने हाताने थांबवलं. "मला भाऊ नाही. मी ती नव्हे. माझं कुणी नाही."

खोटं बोलणारा माणूस ओळखायला आम्ही शिकलेले असतो. ती खोटं बोलत होती, आणि मी सोपा निष्कर्ष काढला. घर सोडून आलेली, लाजेने ओळख लपवणारी बाई. उद्या भावालाच समोर आणून उभं करू, म्हणजे विषय संपेल, असं ठरवून मी परतलो.

संध्याकाळी घरी पोचलो तर बेळगावहून मामा आला होता. माझ्या आईचं लग्नात नाव बदललं होतं. वडील, आत्या, शेजारी, सगळे तिला लक्ष्मी म्हणत. मामा मात्र चपला काढता काढताच ओरडला, "गंगे, चहा टाक!" आई साठीची, पण त्या हाकेसरशी उठून चुलीपाशी गेली.

मी हातातला पेपर खाली ठेवला. मी फिर्यादीचा जबाब आठवू लागलो. पाच दिवसांत त्याने शंभरदा सुमती म्हटलं होतं. फोटोच्या मागेही सुमती असंच लिहिलेलं होतं, आणि त्याखाली सासरचं आडनाव.

दुसऱ्या दिवशी तो नेहमीप्रमाणे आला. मी चहा मागवला आणि इकडचं तिकडचं बोलत विचारलं, "लहानपणी तुम्ही तिला काय हाक मारायचात?"

"सुमतीच."

"लग्नात नाव नाही बदललं?"

कप तोंडाशी नेता नेता तो थांबला. फार नाही, एक घोट घ्यायला लागतो तेवढाच वेळ. "नाही," तो म्हणाला, "आमच्यात पद्धत नाही."

मी मान डोलावली. एवढ्यावर कुणाला अडकवून ठेवता येत नाही. "दुपारी चारला या, काहीतरी कळेल," असं सांगून त्याला वाटेला लावलं, त्याच्या गावच्या पोलिसांना तार करायला सांगितलं, आणि साध्या कपड्यांत राजाजीनगर गाठलं.

तिने मला पाहून मान खाली घातली. अक्का दारात आडव्या उभ्या राहिल्या. "अण्णा, पोरीला पुन्हा पुन्हा कशाला त्रास देता?"

"एकच विचारतो, अक्का." मी खाली चटईवर बसलो आणि तिला विचारलं, "बाई, तुमचं माहेरचं नाव काय?"

तिने यंत्रातलं कापड सोडवून घडी करून ठेवलं. मग म्हणाली, "चंद्रा." आणि पदर तोंडाशी धरून रडायला लागली. अक्कांनासुद्धा ते नाव तेव्हाच कळलं.

त्यानंतर तिने जे सांगितलं ते मी शब्दशः लिहून घेतलं. ठाण्यात बसणारा माणूस तिचा भाऊ नव्हता, नवरा होता. गावात सज्जन म्हणून ओळखला जाणारा. घरात दार लावून मारायचा, आणि बाहेर तिच्या डोक्यावर परिणाम झाल्याचं सांगायचा. हात त्यानेच मोडला होता. एका पावसाळ्यात धुणं धुवायला तिला नदीवर घेऊन गेला आणि फुगलेल्या पाण्यात ढकलून दिलं. खाली दोन कोसांवर कोळ्यांनी तिला बाहेर काढलं. त्यांनी घरी पोचवतो म्हटल्यावर तिने नको म्हणून हात जोडले. मिळेल त्या गाडीत बसली आणि यशवंतपूरला उतरली. फलाटावर मराठीत रडणारी बाई बघून अक्कांनी तिला घरी आणलं. गावात ती वाहून गेल्याचं सांगून नवऱ्याने दिवस घातले आणि तीन महिन्यांत दुसरी बायको केली. हे तिला मागाहून, तिने कोळ्यांना लिहिलेल्या पत्राच्या उत्तरातून कळलं.

"मी मेलेली आहे म्हणून जिवंत आहे, साहेब," ती म्हणाली. "काल तुम्ही भाऊ म्हणालात तेव्हाच समजले. मला भाऊ नाहीच."

तेवढ्यात अक्का खिडकीतून म्हणाल्या, "कोणीतरी येतंय. काळी टोपी आहे."

मागाहून कळलं, आमच्या हवालदाराला त्याची दया आली होती. ठाण्याबाहेर त्याने पत्ता सांगून टाकला होता.

मी उठलो. तो आत आल्यावर त्याला सरळ धरावं, असा माझा विचार होता. तिने मला थांबवलं. तिचा आवाज एकदम साधा झाला होता.

"तुम्ही स्वयंपाकघरात बसा. तो लोकांसमोर वेगळं बोलतो. एकदा कुणीतरी ऐकू दे."

"भीती नाही वाटत?"

"वाटते. पण आज तुम्ही आहात."

मी आत गेलो आणि दाराच्या फटीपाशी उभा राहिलो. अक्कांनी कडी काढली.

"नमस्कार, अक्का. मी तिचा भाऊ." तोच नम्र आवाज.

"बसा. स्वल्प पाणी आणते," म्हणत अक्का आत माझ्याजवळ आल्या.

मग बाहेरून तोच आवाज, हळू, जवळजवळ प्रेमळ: "चल, सामान घे. गाडीत आपण दोघंच असू. एकदा मेलेल्या बाईला परत मरायला कितीसा वेळ लागतो? कुणी विचारणारसुद्धा नाही."

मी बाहेर आलो तेव्हा त्याने तिचा वाकडा हात पिरगाळून धरला होता. मला बघताच सोडला आणि डोळ्यांत पाणी आणलं. अगदी तेच पाणी, जे मी पाच दिवस बघत होतो.

ठाण्यात तो दोन तास भाऊच राहिला. मी त्याला काहीही दरडावलं नाही. फक्त आजोबांचं नाव, आईचं माहेर, बहिणीचा जन्म कुठल्या घरात झाला, असं एकेक विचारत राहिलो आणि उत्तरं लिहीत गेलो. संध्याकाळी तारेचं उत्तर आलं: त्या नावाची बाई पुरात वाहून गेल्याची नोंद आहे, भाऊ नाही, नवरा आठ दिवसांपासून गावाबाहेर. मी कागद त्याच्यापुढे ठेवला. तो वाचून त्याने डोक्यावरची टोपी काढली आणि पहिल्यांदाच न रडता बोलला. "ती वाचायला नको होती."

पुढचा खटला त्याच्या जिल्ह्यात चालला. साक्षीला मी गेलो, अक्काही आल्या. वकिलाने तिला वेडी ठरवायचा प्रयत्न केला. ती एकेका प्रश्नाला शांतपणे उत्तर देत गेली. कोळ्यांची साक्ष झाली, माझी झाली, आणि त्याला सक्तमजुरी लागली. दुसरी बायको निकालाच्या दिवशी कोर्टात मागच्या बाकावर होती. तिच्याही मनगटावर जुने डाग होते. बाहेर आल्यावर चंद्रा तिच्याजवळ जाऊन उभी राहिली. त्या काय बोलल्या ते मी विचारलं नाही.

हवालदाराला मी रागावलो नाही. पत्ता देण्याची चूक त्याने केली, पण आदल्या दिवशी मी स्वतः त्या माणसाला तिच्या दारात नेऊन सोडायला निघालो होतो. ज्याने नीट रडून दाखवलं त्याच्यावर मी विश्वास ठेवला, आणि जी भीतीने खोटं बोलली तिच्यावर संशय घेतला. खोटं कोण बोलतंय एवढं ओळखून मी थांबलो. ते माणूस खोटं का बोलतंय, हे विचारायचं राहून गेलं होतं.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी एक नियम पाळला. हरवलेलं माणूस सापडलं की त्याचा पत्ता शोधणाऱ्याला लगेच देत नसे. आधी त्या माणसाकडे जाऊन विचारत असे, "तुम्हाला सापडायचं आहे का?" बहुतेक जण हो म्हणत. काही जण गप्प बसत. मग मीही तिथेच बसून राहत असे, ते बोलेपर्यंत.