डुलत्या धोंड्याचा शेजारी

डुलत्या धोंड्याला कुणी नमस्कार केला की आबा चिडायचे. "हात खाली घ्या आदी," म्हणायचे. "ह्यो देव न्हाई. माजा शेजारी हाय."

सांगली जिल्ह्याच्या कोरड्या पूर्व भागातल्या एका टेकडीवर हा धोंडा होता. हत्तीएवढा काळा दगड, गुडघाभर उंचीच्या बसक्या दगडावर टेकलेला. एका ठरावीक जागी तळहाताने रेटलं की सबंध धोंडा डुलायचा, पण पडायचा नाही. सांगलीतल्या फोटोवाल्यांच्या काचेत त्याचे फोटो असत, साताऱ्याकडूनही लोक बघायला येत. मी सांगलीत चित्रकलेचा मास्तर. सत्तर सालच्या दिवाळीच्या सुट्टीत तंबू घेऊन तिथं गेलो आणि आबांच्या तावडीत सापडलो. आबा मेंढपाळ. त्यांची मेंढरं धोंड्याच्या सावलीलाच बसायची.

तंबू कुठे ठोकायचा ते आबा ठरवत. मी निवडलेली जागा त्यांना एकदाही पसंत पडली नाही. "मास्तर, तितं मेंढरू बी बसत न्हाई, तुमी कुटं पसरताय?" मी मुळात तापट, त्यात शिकलेला. एकदा हट्टाने माझ्याच जागी झोपलो आणि मुंग्यांनी फोडून काढलं. सकाळी आबा दुधाचा तांब्या घेऊन आले, माझं तोंड बघून नुसते हसले. ते हसणं मुंग्यांपेक्षा जास्त झोंबलं.

एका कॉलेजकुमाराने खिळ्याने धोंड्यावर नाव कोरायला घेतलं होतं. आबांनी त्याचा दंड धरला. "तुज्या पाठीवर काडू का रं माजं नाव?" गडी पायताणं हातात घेऊन टेकडी उतरला.

वाडीतल्या लोकांना धोंड्याला शेंदूर लावायचा होता. जत्रा भरेल, चार दुकानं येतील, असं त्यांना वाटे. आबांनी ते काही होऊ दिलं नाही. "देव केला की मागनं आलं. पोर दे, पाऊस दे. त्यो बिचारा कुटनं देनार?" मला हे इतकं पटलं की सांगलीत जो भेटेल त्याला मी ऐकवत सुटलो.

पुढच्या दिवाळीतही मी गेलो. मग बहात्तरचा दुष्काळ पडला आणि त्या वर्षीची दिवाळी चुकली. पुढच्या मार्चात तंबू घेऊन टेकडी चढलो आणि वर येऊन जागच्या जागी उभा राहिलो. धोंडा नव्हता. आधी मला खरंच वाटलं, वाट चुकली. पण बसका दगड तिथेच होता. भोवती काळ्या कपच्यांचे ढीग, आणि सरकारी दुष्काळी कामावरच्या चाळीसएक बायका डोक्यावर पदर घेऊन खडी फोडत बसलेल्या. मधोमध आबा, हातात घण. खांद्यावरचा तंबू मी खाली टाकला.

"आबा, कुणी केलं हे?"

"म्याच," आबा म्हणाले. "पैला घाव म्याच घातला. दुसरं कोन हात लावंना."

माझा कानांवर विश्वास बसेना. आबा मात्र शांतपणे सांगत होते. टेकडीवरचा फोडण्याजोगा दगड संपला, खाली नुसता मुरूम लागला. दगड नाही तर काम बंद. दुसरं काम मंजूर व्हायला महिना तरी जाणार, आणि वाडीतल्या चुली या मजुरीवरच पेटत होत्या. मेंढरं तर केव्हाच गेली होती. "सायेब म्हनलं, देवाचा दगुड आसंल तर ऱ्हाऊ द्या. म्या म्हनलं, देव न्हाई, फोडा. शेंदूर लावला आसता तर वाडी उपाशी मेली आसती, मास्तर."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. तोंडाला येईल ते बोललो. "शेजारी म्हणत होता ना? शेजाऱ्याचा असा जीव घेतात? लाज वाटायला हवी होती तुम्हाला." बायकांचे हातोडे थांबले. एक म्हातारी मला काहीतरी सुनवणार होती, आबांनी तिला हातानेच गप्प केलं.

"शेजारीच हाय त्यो," ते म्हणाले. "आडीनडीला दुसरं कोन येतं?"

मग त्यांनी फडकं सोडलं. त्यात रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीची एक भाकरी होती. मोडून अर्धी माझ्यापुढे धरली. "उनातनं आलाय. आदी खावा, मग भांडा."

मी हात पुढे केला नाही. तंबू खांद्यावर टाकला आणि टेकडी उतरलो. माझ्या मागे घणाचा आवाज पुन्हा सुरू झाला.

माफी मागायला जायचं होतं. आज जाऊ, उद्या जाऊ, करत अडीच वर्षं घालवली. पंचाहत्तरच्या दिवाळीत गेलो, तेव्हा आबांना जाऊन वर्ष झालं होतं. त्यांच्या सुनेने मला ओळखलं. त्या दिवशी तीही खडी फोडायला होती.

"तुमी गेल्यावर मामंजींनी ती अर्दी भाकरी खाल्ली न्हाई," ती म्हणाली. "मास्तर तापट हाय पर माघारी येतंय, म्हनलं. सांजपत्तुर फडक्यात बांदून ठिवली."

त्या सांजेला मी सांगलीच्या एस.टी.त बसून आबांना शिव्या घालत होतो.