अंजनाबाई बाहेर बसल्या नाहीत

"मावशींना जरा बाहेर बसवता का?" डॉक्टरांनी धम्मानंदला विचारलं, तशी अंजनाबाईंनी खुर्ची घट्ट धरली.

नागपुरात धंतोलीच्या या दवाखान्यात दोन वर्षं हेच. त्या बाहेर बाकावर, लेक आत. मग तो तोंडावर हसू चिकटवून यायचा, "काही नाही वं माय, गाठ होती, काढली." गाठ! आधी औषधं चढवून डोक्याचे केस घालवले, मग फुप्फुसाचा वरचा तुकडा कापला, आणि म्हणे गाठ. उमरेडच्या बाया भेटायला येऊन डोळे पुसायच्या, तर अंजनाबाईंना वाटायचं, घरी काय दुःख आहे बापा यांना!

गेल्या आठवड्यात सुनेच्या, करिष्माच्या, तोंडून निसटलं. अंजनाबाईंचा हातमाग दुरुस्तीला गेलाय असं घरचे सांगत होते, तो गेलाच नव्हता. ऑपरेशनआधीच धम्मानंदनं तो गावातल्या ताराचंद विणकराला देऊन टाकला होता, आता कोण विणणार म्हणून. त्याच मागावर लुगडी विणून त्यांनी धम्मानंदला मास्तर केला होता.

"फुप्फुस कोणाचं कापलं, डॉक्टरसाहेब? याचं का माहं?"

"तुमचंच मावशी, पण..."

"मंग हा काहून आत? जाय गा तू बाहेर. बस बाकावर, पाहाय कसं वाटते."

"माय, तुले त्रास होईन म्हणून..."

"मी मराच्या आधीच माहा माग वाटून टाकला, अन् मले त्रास शिकवून राहिला? निघ!"

तो गेला. डॉक्टरांनी घसा साफ केला. "कॅन्सर होता, मावशी. छातीतल्या गाठींपर्यंत पसरलेला. अशा ऑपरेशननंतर दहातले साधारण चार-पाच जण पाच वर्षं काढतात. परत उलटतो तो बहुतेक पहिल्या दोन वर्षांत. तुमची दोन झाली. आजचा स्कॅन साफ आहे. हमी मात्र देता येत नाही."

"हमी कोण मागून राहिलं? एवढं सांगाले दोन वर्षं लागली?"

"घरच्यांनी नको म्हटलं होतं."

"अन् तुम्ही ऐकलं! एवढे शिकले कायले मंग?"

डॉक्टरांनी स्कॅनचा कागद त्यांच्याच हातात दिला.

"विणू का मी?"

"तोंडाला फडकं बांधून, थोडं थोडं. दम लागला की थांबायचं."

बाहेर धम्मानंद मान खाली घालून बसला होता. अंजनाबाईंना दया आली नाही.

"लाव ताराचंदले फोन. उद्या माग घरी पाहिजे."

"माय, त्याची सून बसते त्यावर आता..."

"तिले दुसरा पाहून दे तू. अन् काय म्हणून देल्ला होता, तेही सांग त्याले. तुह्या तोंडानं. मी इथंच उभी आहो."

धम्मानंदनं इकडेतिकडे पाहिलं. बाकावरची सगळी माणसं ऐकत होती. त्यानं फोन कानाला लावला.