खांदमळणीचं आवतन

माह्या बापानं बैलाले जास्त मारलं तं चार माणसं त्याले टोकत. "मुकं जनावर हाय, पाप लागन," म्हणत. अन् त्याच पराणीनं तो माह्या मायले मारे, तवा तेच चार माणसं ओट्यावर सुपारी कातरत बसत. पराणी म्हणजे बैल हाकाची काठी, टोकाले लोखंडी आर. त्या आरेच्या खुणा बैलाच्या पुठ्ठ्यावर होत्या, तशाच मायच्या पाठीवर होत्या. बैलाच्या साऱ्या गावाले दिसत. मायच्या लुगड्याखाली झाकून राहत.

कायले मारे? भाकर करपली म्हणून, दूध उतू गेलं म्हणून, कधी कधी तं उगाच. माय म्हणे, "नवऱ्यानं मारलं अन् पावसानं झोडपलं, तं सांगावं कोणाले?" मले या म्हणीचा असा संताप ये, का जो पहिल्यांदा बोलला त्याचं थोबाड फोडावं वाटे.

तवा इंग्रजाचं राज्य होतं. मोठा भाऊ वाशीमले शाळेत शिके. पोळ्यासाठी तो पांढरी टोपी घालून घरी आला, अन् आल्या आल्या सुरू झाला, का इंग्रज आपल्याले माणूस समजत नाही, माणसाले मान पाहिजे. मी चूल फुंकून राह्यली होती.

"अन् घरात?" मी म्हटलं.

"घरातलं येगळं राह्यते. बाप हाय तो."

"इंग्रज बी तं म्हणते, मी मायबाप हाव!"

भावाचं तोंड एवढुसं झालं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! पण पोरगा वाईट नव्हता. भित्रा होता.

त्याच दुपारी खांदमळणीसाठी ठेवलेल्या लोण्याले मांजरानं तोंड लावलं. बापानं मांजर सोडलं अन् मायले धरलं. पराणी खांद्यावर बसली तवा आतून कट्कन आवाज आला. माय खाली बसली. मंग तिचा उजवा हात वर होये ना. भाऊ दारात उभा होता, चौकट धरून. हालला नाही मेला.

पोळ्याच्या आदल्या दिवशी सांजच्याले आमच्याकडं बैलाचे खांदे मळतात. वर्षभर जू ओढून सुजलेल्या खांद्याले लोणी-हळद चोळाची, अन् उद्याचं जेवणाचं आमंत्रण द्याचं. शेजारून लोणी मागून आणलं. अंगणात शेजारपाजार जमला. बाप बैलाच्या खांद्यावरून असा हात फिरवे, जसं कोणी तान्ह्या लेकराले न्हाऊ घालते. म्हणे, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." तो मऊ आवाज मायनं आपल्यासाठी जन्मात ऐकला नसन. ती डाव्या हातानं दिवा धरून उभी होती.

माह्या डोक्यात काय शिरलं, देव जाणे. मी बापाच्या हातची वाटी हिसकली, मायचा पदर सर्व्या लोकाईसमोर बाजूले केला. खांदा वांग्यासारखा काळानिळा झाला होता. त्याच्यावर लोणी-हळद चोळली अन् मोठ्यानं म्हटलं, "आज आवतन घे माय, उद्या जेवाले ये!"

एक म्हातारी डोळे पुसाले लागली. बापानं माह्या कानाखाली असा जाळ काढला, का त्या कानानं मले आजही कमीच ऐकू येते. "पोट्टी हातची गेली," तो म्हणे. म्हटलं, बरं झालं गेली.

नंतर भाऊ ओला फडका घेऊन माह्याजवळ बसला. "मले समजत होतं वो," तो म्हणे, "पण पाय उचलले नाही."

"मंग ती टोपी काढून ठेव," मी म्हटलं. तो रडला. मी त्याले उगी केलं नाही.

दुसऱ्या दिवशी तोरणाखालून बैल घरी आले, ओवाळून झालं, बैलाची पुरणपोळी खाऊन झाली. घरात पाट एकच, तो बापाले मांडला होता, भावाले पोतं अंथरलं होतं. बाया मागून, उरलं तं. बाप हात धुवाले गेला, तेवढ्यात माय आली अन् त्याच्या पाटावर जाऊन बसली. ताट पुढं ओढलं.

"उठ," बाप म्हणे.

"मले आवतन हाय," माय म्हणे, अन् डाव्या हातानं घास मोडला.

पोळ्याच्या दिवशी पराणीले हात लावत नाही कोणी. बापानं ती कोपऱ्यातून काढली. पहिला वार पाठीवर. माय खाली वाकली, पण उठली नाही. दुसरा डोक्यावर. रक्त कानावरून ओघळून ताटात पडाले लागलं. तिनं पोळीचा दुसरा घास मोडला अन् खाल्ला. त्या रक्तासकट खाल्ला! तिसऱ्या वाराले पराणी वर गेली, ती भावानं हवेतच धरली. आर त्याच्या तळहातात घुसली. तरी त्यानं ती ओढून घेतली अन् बापावर उगारली.

"मार!" मी ओरडली. "मार त्याले!" त्याची मले आजही लाज वाटत नाही.

मायनं घास गिळला. भावाकडं पाह्यलं. "त्याले मारू नको," ती म्हणे. "मले वाढ."

भावानं पराणी खाली टाकली. रक्ताच्या हातानंच पोळी तिच्या ताटात ठेवली, वरून तूप सोडलं. आमच्या घरात माणसानं बाईले वाढलेलं मी तवा पहिल्यांदा पाह्यलं. माय हळूहळू, पोटभर जेवली. तिचं होईपर्यंत बाप दारातच उभा होता, त्याले बसाले पाट नव्हता.