मागून येणारं हसू

दुपारी बाबांकडे गेले, तर टीव्हीवर त्यांची ती जुनी इंग्रजी विनोदी मालिका लागली होती. त्यातली बायको नवऱ्याला दारातच अडवून सुनावत होती आणि मागून प्रेक्षक खो-खो हसत होते.

आई होती तेव्हा बाबाही ही मालिका बघताना डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायचे. स्वयंपाकघरातून आई विचारायची, "कोणाला हसताय?" की लगेच आवाज कमी. आईचा धाकच तसा होता. आम्हा बहिणींना बाबांची कीव यायची. सतत हुकूम सोडणाऱ्या माणसाचं सगळं लक्ष समोरच्या माणसाकडेच लागलेलं असतं, हे त्या वयात कोण सांगणार? मालिकेतही ते दाखवत नाहीत.

आईला जाऊन आता आठ महिने झाले. टीव्हीचा आवाज मोठा होता आणि तो कमी करायला सांगणारं घरात कोणी नव्हतं. पडद्यावरची बाई ओरडली, स्वेटर घातल्याशिवाय बाहेर पाऊल टाकायचं नाही. पुन्हा सगळे हसले.

बाबा हसले नाहीत.

"यात हसण्यासारखं काय आहे?" ते मला म्हणाले. "बाहेर गारठा आहे, म्हणून सांगतेय ती."