आत्याच्या सुया

शेवटची भेट झाली तेव्हा आत्या आदिलाबादच्या एका दवाखान्यात खिडकीजवळच्या खाटेवर पडून होती, आणि नेहमीसारखी बोलत मीच होते. शाळेतल्या गमती, नव्या हेडमास्तरांचे नखरे, अंगणातल्या पपईला आलेली फळं... डोळे अर्धवट मिटून ती सगळं ऐकत होती. निघताना तिनं मला एक प्रश्न विचारला, त्याकडे मी शेवटी येईन. त्यानंतर आठच दिवसांनी भावाचा फोन आला. मी सहामाहीच्या उत्तरपत्रिका तपासत होते. फोन ठेवला आणि उरलेल्या पाचही तपासून टाकल्या, कारण दुसरं काय करावं ते सुचेना. त्याला आता महिना होऊन गेला.

वनमाला आत्या माझ्या बाबांची थोरली बहीण. आमचे आजी-आजोबा बेला गावाकडे दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायचे. बोंडांच्या टोकांनी फाटलेली त्यांची बोटं आत्याला शेवटपर्यंत आठवत होती. घरात पहिली सरकारी नोकरी तिला लागली, नर्सची, तीही थेट बेज्जूरच्या जंगलात. तिथं ती तेलुगू शिकली, कामापुरती गोंडी शिकली आणि बाबांना शिकवलंही तिनंच. बाबा पुढे तहसील कचेरीत क्लार्क झाले. त्यामुळे आमच्या घरात आत्याचा शब्द शेवटचा असायचा. मी इंटर, म्हणजे बारावी, चांगल्या मार्कांनी पास झाले, मेडिकलच्या प्रवेश परीक्षेत नंबरही बरा लागला, तेव्हा बाबांनी कचेरीभर पेढे वाटले. लोक त्यांना डॉक्टरचा बाप म्हणू लागले. महिन्याभरात जाऊन सीट पक्की करायची होती. मला डॉक्टर व्हायचं आहे का, हे मात्र कुणी विचारलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही ते ठाऊक नव्हतं. रक्त पाहून चक्कर येत नव्हती आणि जीवशास्त्र पाठ होत होतं, एवढ्या भांडवलावर मी डॉक्टर व्हायला निघाले होते.

आत्याच्या ते लक्षात आलं असावं. पेढा तोंडात टाकून ती म्हणाली, "पयले पंधरा दिवस माह्यासंगं राह्य. मंग ठरव." तेव्हा ती महाराष्ट्राच्या सीमेकडच्या एका गावात, छोट्या आरोग्य केंद्रात होती. मी पांढरा दुपट्टा वगैरे घेऊन मोठ्या ऐटीत गेले, आणि तिनं मला मागच्या खोलीत सुयांपुढे बसवलं. तेव्हा काचेच्या सिरिंजा आणि सुया उकळून पुन्हा पुन्हा वापरायच्या. वापरून वापरून सुईचं टोक बारीकसं वळतं. ते डोळ्यांना दिसत नाही, पण टोचताना आणि बाहेर काढताना मांस ओरबाडतं. म्हणून उकळायच्या आधी प्रत्येक सुई कापसाच्या बोळ्यावरून हलकेच ओढायची. तंतू अडकला की ती सुई बाजूला ठेवायची, तेलाच्या थेंबावर दगडाला घासायची आणि पुन्हा ओढून पाहायची. रोज सकाळी मी हेच करत असे. दारातून पेशंट दिसायचे, त्यांची बोलणी ऐकू यायची, आणि माझे कान तिकडे असायचे. कुणाची सून रुसली, कुणाचा बैल हरवला... सुया मी हातानं ओढत होते, मनानं नव्हे.

व्हायचं तेच झालं. दहाव्या-अकराव्या दिवशी विळा लागला म्हणून पार्वताबाई नावाच्या म्हाताऱ्या बाई धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला आल्या. आत्यानं दंडात सुई घातली, ती अडखळलेली हाताला कळली आणि आत्याचा चेहरा बदलला. बाईंनी पदर दातांत धरला. त्या गेल्यावर आत्यानं तीच सुई माझ्यासमोर कापसावरून ओढली. तंतू अडकला. तिनं तो बोळा माझ्या हातात दिला आणि पुढच्या पेशंटकडे वळली. ती रागावली असती तर बरं झालं असतं. मी लाजेनं मेल्यासारखी झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुणी न सांगता मी नाला ओलांडून पार्वताबाईंच्या घरी गेले. हात पाहायला. बाईंनी बसायला पोतं टाकलं, काळा चहा दिला. मग त्यांच्या बोलण्याला सुरुवात झाली. महाराष्ट्रात दिलेली लेक, बकरीवरून बहिणीशी झालेलं भांडण, आणि कुठल्याशा कागदावर अंगठा लावताना त्यांना हसलेला एक बाबू. "मले माहं नाव काढता येते का वं?" त्यांनी विचारलं. मी काडी घेतली आणि अंगणातल्या धुळीत त्यांचं नाव काढून दिलं. बाईंनी तीच काडी धरून गिरवायला घेतलं. मधेच त्या थांबायच्या, हात खाली सोडायच्या, ओठ दाबून पुन्हा गिरवायच्या. मला वाटलं, अक्षर अवघड जातंय. मी त्यांचा हात धरून 'पा' काढून घेतला. दोन तासांनी त्यांनी आपलं आपण अख्खं नाव लिहिलं, आणि मी उड्या मारत परतले. इतका आनंद मला इंटरच्या निकालाच्या दिवशीही झाला नव्हता.

आत्या दारातच होती. कुठे गेले होते ते मी सांगितलं. तिनं विचारलं, "सूज किती हाये?"

मी हात पाहिलाच नव्हता. ज्या हातानं बाई दोन तास लिहीत होत्या, तोच तो सुई टोचलेला हात होता.

सगळं ऐकून आत्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग शेकायची पिशवी घेऊन स्वतः नाल्यापलीकडे जाऊन आली. संध्याकाळी भाकरी थापता थापता मी म्हटलं, मला नाही जमायचं, माझ्यामुळे बाईंना त्रास झाला. तिनं मान हलवली.

"सुई चुकली म्हनून नाही म्हनत असशीन तर जाय, डॉक्टर हो. माह्याही चुकल्या. चुकल्यावर मानूस शिकते. पन तू दोन घंटे बसली अन् हात नाही पाह्यला. दुखन्याइताकडे गेलं की आपली नजर पयले दुखन्यावर गेली पायजे. तुही नजर मानसावर गेली. थे वाईट नाही. पन हे काम येगळं हाये." तवा खाली उतरवून तिनं विचारलं, "आता तूच सांग. जायचं का?"

नाही, मी म्हणाले. तो शब्द उच्चारला आणि इतकं हलकं वाटलं की त्याचीच लाज वाटली.

बाबांना तिनंच येऊन सांगितलं. बाबा मला नाही, तिला रागावले, "ताई, तूच असं करावंस?" म्हणाले, आणि दोन महिने तिच्याशी बोलले नाहीत. तो राग तिनं माझ्यासाठी अंगावर घेतला, आणि मी तेव्हा आभारही मानले नाहीत. मी शिक्षिका झाले. बाबा शेवटपर्यंत लोकांना माझी ओळख करून देत, "ही माझी मुलगी, डॉक्टर होणार होती." मला त्याचा राग यायचा, आत्याला हसू यायचं.

तर ती शेवटची भेट. दीड तास बडबडून मी उठले, तेव्हा आत्यानं पदराखालून उजवा हात बाहेर काढला. आदल्या दिवशीच्या सलाईननं तो मनगटापर्यंत टम्म फुगला होता. तिनं विचारलं, "सूज किती हाये?" आम्ही दोघी इतक्या हसलो की शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली. मी पुन्हा खाली बसले आणि तो हात मांडीवर घेऊन बराच वेळ पाहिला... बोटं, नखं, मनगट, सगळं. पाहून घेतलं ते किती बरं झालं.

तिची स्टीलची पेटी भावानं मला आणून दिली. फेकायच्या सिरिंजा येऊन जमाना झाला, तरी तिनं सहा सुया आणि कापसाचा बोळा जपून ठेवला होता. परवा मी एकेक सुई त्या कापसावरून ओढली, यावेळी लक्ष देऊन. एकीतही तंतू अडकला नाही.