मीना बाजारात विचारलेलं गाव

कसे आहात सगळे? सांगलीच्या मंदाताई, गुडघा वाकतोय का आता? विलासभाऊ, मोतीबिंदू नुकताच काढलाय ना, मग हे मोबाईलवर वाचत बसू नका, सुनेला वाचून दाखवायला सांगा. सुमन, खोकला गेला का गं? माझं म्हणाल तर दुबईच्या खजुरांनी साखर जरा चढवली, बाकी ठणठणीत.

लेकानं, संजयनं, तिकीट पाठवलं. मी चौथी शिकलेली बाई, जन्मभर ब्लाउज शिवले, तिथं काय बघणार? पण नात सई फोनवर ओरडली, "आजी, जस्ट कम!" मग गेले.

संजयचं घर इंटरनॅशनल सिटीत. भाडं जरा कमी, पण मेट्रो दारात नाही. आधी बस, मग मेट्रो. दोन्हीला एकच कार्ड चालतं. सकाळी लवकर निघा, नंतर ऊन डोकं भाजून काढतं. देरा नावाच्या जुन्या भागात उतरून आम्ही खाडी ओलांडली, ती लाकडी होडीनं. तिला अब्रा म्हणतात. एक दिरहम. "म्हणजे चोवीस रुपये!" मी मोठ्यानं म्हटलं. सई म्हणाली, "आजी, स्टॉप कन्व्हर्टिंग!"

पलीकडे बर दुबई. मीना बाजाराच्या गल्लीत एका टपरीवर करक चहा प्यायलो, आपल्या उकाळ्यासारखा दाट. चहावाल्याला हबीब म्हणू या. तो बांगलादेशचा, चट्टग्रामकडचा. गाव, घर, भावंडं, सगळं मी विचारून घेतलं.

समोरच पैठणीवरचा ब्लाउज सैल करायला टाकला. शिंपी सलीमभाई. ही दोन्ही नावं खरी नाहीत, का ते पुढं कळेल. काय त्या माणसाची हातशिलाई! उलटसुलट कुठूनही बघा, टाका दिसेल तर शपथ. मग मी तेच विचारलं, जे आपण एसटीत टेकल्या टेकल्या शेजारणीला विचारतो.

"भाई, गाँव कौनसा?"

"बांगलादेश, अम्मा. चट्टग्राम की तरफ."

मला कोण आनंद! दारातून हाक मारली, "हबीबभाई, आओ आओ, तुम्हारा गाववाला मिल गया!"

हबीब हसतच आला आणि विचारत सुटला. ठाणं कोणतं? बाजार कुठला भरतो? शाळेत हेडमास्तर कोण होते? दुसऱ्याच प्रश्नाला सलीमभाईंची सुई थांबली.

"छोटा था, याद नहीं," ते म्हणाले.

हबीबचं हसू गेलं. "बर्मावाला है ये. रोहिंग्या. हमारा पासपोर्ट लेके घूमता है." आणि निघून गेला.

मग सलीमभाईंनी हळू आवाजात सांगितलं. जन्म म्यानमारचा, पण तो देश यांना आपलं मानतच नाही. गाव जाळलं, तेव्हा पळून बांगलादेशात आले. आई आणि दोन बहिणी अजून तिथं छावणीत, ताडपत्रीखाली. यांनी दलालाकडून बांगलादेशी पासपोर्ट मिळवला. दोन महिन्यांनी त्याची मुदत संपणार. हबीबनं कुठं तोंड उघडलं की नोकरी, व्हिसा, सगळं खलास. आणि परत पाठवायचं म्हटलं, तरी कुठं?

मी उठले, तशीच टपरीवर गेले. "हबीबभाई, गलती मेरी है. उनपे मत निकालो."

"माई, आपको क्या मालूम! मेरे भाई का पासपोर्ट साल भर लटका. हर ऑफिस में एक ही सवाल, तू रोहिंग्या तो नहीं? हमने जगह दी, खाना दिया. कितने साल? हमारे पास भी कितनी ज़मीन है?"

खोटं नव्हतं हो ते. मी एवढंच म्हटलं, "आपको छुट्टी में जाने को घर तो है."

त्यानं कपात चहा ओतला, तो दुसऱ्याच गिऱ्हाइकाला दिला. "यल्ला, चलो माई, धूप बढ़ रही है. घर जाओ."

तीन दिवस मला अन्न गोड लागलं नाही. संजय वैतागला, "आई, प्रत्येकाला गाव विचारायलाच हवं का?" चौथ्या दिवशी ब्लाउज आणायला गेले, गल्लीच्या तोंडाशीच थांबून कान दिला. मग मशीनचा आवाज आला. सलीमभाई जागेवर होते. शेजारी करक चहाचा कप, अर्धा प्यायलेला.

"हबीब ने भेजा," ते म्हणाले. "बोला, किसी को नहीं बताऊँगा. पर मुझे गाँववाला मत बोलना." आणि पहिल्यांदाच हसले.

मी हात जोडले. म्हटलं, मी ब्लॉग लिहिते, हे लिहू का?

"मेरा नाम मत लिखना, अम्मा. गाँव का लिखना. जल गया, नक़्शे से भी मिटा दिया. कहीं तो लिखा रहे."

म्हणून लिहिते. बोरोईपारा. बोरोई म्हणजे बोर, पारा म्हणजे वाडी. दारोदारी बोरी होत्या म्हणे. मी म्हटलं, "अहो, ये तो हमारा बोरगाव हुआ!"

कराडला येऊन पंधरा दिवस झाले. ब्लाउज अगदी अंगासरसा बसलाय. पासपोर्टचं अजून काही कळलेलं नाही. संजय दर शुक्रवारी जाऊन मशीन चालू आहे का बघून येतो. आपल्या गल्लीत फरशी बसवायला लांबून माणसं आलीत. मागं मीच म्हटलं होतं, कुठून कुठून येतात कोण जाणे. परवा त्यांना पाणी दिलं, गाव विचारायचं ओठावर आलं होतं, गिळलं. सांगावंसं वाटलं तर सांगतील.

उत्तर लवकर लिहा. आणि तुमच्यात कुणी बोरगावचं असेल, तर तिथं बोरी अजून आहेत का, तेवढं कळवा. सलीमभाईंना सांगायचंय.